भिंतीपलीकडचा विमानतळ

नोकरी संपवून मोझरीला कायमचा परत आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या बुढ्यानं ओट्यावरूनच विचारलं, "विमानतयावर तू करत काय होता रे नेमकं? विमान तं चालवत नव्हता?"

"नाही जी. साफसफाई पाहत होतो."

"मंग त्याच्यासाठी इतक्या दूर कायले जा लागते? थे तं इथंबी होते."

यावर मला उत्तर सुचलं नाही. बुढा खोटं बोलत नव्हता. गुरुकुंजात सकाळच्या ध्यानाला माणसं जमतात त्याआधी आवार झाडून झालेलं असतं, आणि कोणी झाडलं हे विचारायची रीत नाही. तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथं आश्रम उभा केला तेव्हापासून खराटा हा इथल्या भक्तीचा भाग आहे. त्यात जिल्हा गाडगेबाबांचा. माझे बाबा महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात कितीतरी वर्षं चराच्या संडासांची सेवा करायचे. लाखभर माणूस जमणार, तर चर कुठं खणायचे हे ठरवायचं काम त्यांच्याकडे. मी कंदील धरून मागे. ते मूठभर माती वर उधळायचे, ती कुठं जाते बघायचे, विहीर कोणत्या अंगाला आहे ते बघायचे, आणि मग म्हणायचे, "आधी वारा पाह्य, मंग कुदय मार."

पुढे अमरावतीला रसायनशास्त्र शिकलो, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागलो आणि तिथून विमानतळांवर गेलो. पंचवीस वर्षांत चार विमानतळ झाले. पदाची नावं बदलत गेली, काम तेच राहिलं. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या विमानतळावर, बेलोऱ्याच्या 1850 मीटरच्या धावपट्टीवर, मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं, तेव्हापासून गावातली दोन-तीन पोरं मधूनमधून घरी येतात. "काका, या लाइनीत काय रायते?" विचारतात. तोंडी सांगून कंटाळलो म्हणून हे लिहून काढतो आहे. क्रम महत्त्वाचा नाही, आठवलं तसं आहे.

1. पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा

विमानतळ बांधायचा किंवा वाढवायचा तर केंद्राची पर्यावरणीय मंजुरी लागते. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत विमानतळ 7(अ) या नोंदीत येतात. जिथं इंधन भरायची सोय नाही किंवा एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, नाही अशा साध्या धावपट्ट्या सुटतात. मंजुरीखेरीज 1974 च्या पाणी कायद्याखाली आणि 1981 च्या हवा कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं; चालवण्याआधी तर लागतंच, 2024 पर्यंत उभारणीआधीही वेगळं लागायचं. ऑफिसात या दोघांना ईसी आणि कन्सेंट म्हणतात. दोन्हींना अटींची शेपटी असते. पहिलं पान फ्रेम करून लावतात, शेपटी कपाटात जाते.

मी ती शेपटी वाचणाऱ्यांतला समजत होतो. दुसऱ्या विमानतळावर हरितपट्टा लावायची अट होती, झाडं स्थानिक जातींची हवीत असं लिहिलेलं. मी वऱ्हाडी माणूस; मनासारखी उंबरं, जांभळं, बोरी लावली. कौतुक झालं, फोटो निघाले. चौथ्या वर्षी फळं धरली आणि हिवाळ्यात भोरड्यांचे थवे उतरले. ज्वारीच्या वावरावर उतरतात तसे, आभाळ काळं करून. ऑपरेशन्सच्या साहेबांनी मला खिडकीशी बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "ही तुमची झाडं एक दिवस इंजिनात जाणार." त्याच पत्रात, पुढच्या एका पानावर, पक्षी खेचणारी झाडं लावू नयेत अशी अट होती. मी ते पान उलटलंच नव्हतं. पुन्हा परवानग्या काढून ती झाडं हलवली, गावच्या एका शाळेच्या आवारात नेली. निम्मी जगली. त्या जागी करंज लावले. करंजाच्या शेंगांना भोरडी विचारत नाही.

झाडं लावा म्हणणारा कायदा आणि पक्षी आणू नका म्हणणारा कायदा एकाच टेबलावर बसलेले असतात. त्यांची ओळख करून देणं हेच तुमचं काम.

2. आधी वारा पाह्य

बाबांचं हे वाक्य मी ऑफिसात कधी बोललो नाही, पण पर्यावरण आघात मूल्यांकन नावाच्या जाड ग्रंथाचा अर्थ तेवढाच आहे. कुदळ मारण्याआधी आजूबाजूला काय आहे ते खरं खरं लिहायचं. नाला कुठं जातो, विहिरी किती, जंगल कुठून सुरू होतं, झाडं किती.

ते न लिहिल्यावर काय होतं याचं आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याच्या मोपा विमानतळाचं. 2015 साली त्याला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. प्रकरण हरित न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 29 मार्च 2019 ला न्यायालयानं ती मंजुरी स्थगित केली. आसपासची संवेदनशील क्षेत्रं, राखीव जंगलं अर्जात नीट दाखवलीच नव्हती. तोडायच्या झाडांचा आकडा पन्नास हजारांच्या वर होता. काम थांबलं. तज्ज्ञ समितीनं पुन्हा तपासलं, नव्या अटी घातल्या, आणि 16 जानेवारी 2020 ला स्थगिती उठली. अटी पाळल्या जातात की नाही यावर देखरेख करायला न्यायालयानं नेमलं आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला. विमानतळाचं उद्घाटन झालं 11 डिसेंबर 2022 ला. म्हणजे जी माहिती अर्जात लिहायला एक आठवडा पुरला असता, तिच्यापायी जवळजवळ दहा महिने यंत्रं उभी राहिली.

मी हा निकाल छापून घेतला होता. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला तोच वाचायला द्यायचो. बहुतेकांना कंटाळा यायचा. एक मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, आपल्या अर्जात पूर्वेकडचा नाला कुठंय?" नव्हता. तिनं तो पायी फिरून आखला. ती आज माझ्याहून मोठ्या हुद्द्यावर आहे.

3. बैलाच्या नाकावर विश्वास ठेवा

हे सांगायला अजूनही जड जातं.

काळ्या मातीवरचा एक विमानतळ होता. काळी माती आपल्याला काय नवी नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून चिकट. पण आपण तिच्याकडे शेतकरी म्हणून पाहतो. विमानतळावर तिच्याकडे वेगळं बघावं लागतं. एप्रिल-मेमधली काळी माती म्हणजे हजारो उघडी तोंडं. वर जे सांडेल ते थेट आत.

जनरेटरच्या डिझेलची टाकी होती. तिच्याभोवती भिंतीचा कोट होता, टाकी फुटली तरी सगळं आत मावेल एवढा. कागदावर चोख. पण टँकर उभा राहायचा कोटाच्या बाहेर, आणि नळी जोडताना-काढताना दर खेपेला चार-पाच लिटर मातीत जायचं. मोठं सांडलं असतं तर गवगवा झाला असता. हे थोडं थोडं होतं, म्हणून कोणाच्या डोळ्यावर आलं नाही. माझ्याही.

जुलैत भिंतीपलीकडचा एक शेतकरी गेटवर आला. हातात दारूच्या बाटलीत पाणी. सुरक्षावाल्यांनी त्याला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा मी नेमका गेटवर होतो. म्हणाला, "साहेब, या पाण्याले वास येते. बैल तोंड लावत नाही."

मी काय केलं? फाइल काढली. दर तिमाहीला आम्ही भूजल तपासायचो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून. तेल आणि ग्रीज: आढळलं नाही. मी त्याला तो कागद दाखवला. त्यानं कागद हातात घेतला, उलटा धरला, परत दिला, आणि म्हणाला, "बैलाले वाचता नाही येत ना जी."

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर विहिरीवर गेलो. पोहरा काढला, नाकाशी नेला, आणि ओशाळलो. आमचा नमुना घ्यायची बोअर होती टर्मिनलच्या बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला. पाणी वाहतं खाली, आम्ही तपासत होतो वर. तीन वर्षं. बाबा असते तर मातीची एक मूठ उधळून सांगितलं असतं.

मग बरंच करावं लागलं. टँकर उभा करायला काँक्रीटचा ओटा, त्याला उतार आणि तेल अडवणारी टाकी. नासलेली माती उकरून घातक कचऱ्याच्या रीतसर मार्गानं पाठवली. त्या शेतकऱ्याला दोन उन्हाळे टँकरनं पाणी दिलं. व्यवस्थापनानं आधी हे "सद्भावना म्हणून" असं लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही. चूक होती, चूक लिहिली. पगारवाढ त्या वर्षी झाली नाही.

यातून तीन गोष्टी घ्या. नमुना नेहमी उताराच्या खालून घ्या. मंडळाकडून येणाऱ्या नोटिशीआधी शेजाऱ्याची बाटली येते, ती परत पाठवू नका. आणि अहवालात "आढळलं नाही" असं दिसलं की विचारा, शोधलं कुठं होतं?

4. घार नियम वाचत नाही, पण मटणवाला ऐकतो

पोरांनो, तुमच्या कामाचा निम्मा भाग भिंतीच्या बाहेर असतो. पगार देणाऱ्याला हे पटवणं सगळ्यात अवघड.

विमानतळावर पक्षी धडकण्याची भीती कायम असते. टिटवी गवतात, बगळे साचलेल्या पाण्याशी, घारी वर घिरट्या घालत. आत आपण उपाय करतो. गवत आवरतो, खड्डे बुजवतो, फटाके वाजवतो, पक्षी हाकलायला माणसं ठेवतो. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, त्या संध्याकाळी दिव्यांखाली मेजवानी असते. तो दिवस रजेचा नाही, हे पाठ करून ठेवा. पण घार येते ती बाहेरच्या घाणीवर. तिचं घर विमानतळात नसतं, ताट बाहेर वाढलेलं असतं.

1937 च्या विमान नियमांमधला 91 वा नियम म्हणतो की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून 10 किलोमीटरच्या आत जनावर कापणं, सोलणं किंवा पक्षी खेचेल असा कचरा टाकणं मना आहे. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत कचरा पुरायची जागा विमानतळापासून 20 किलोमीटर दूर हवी असं होतं. अगदीच इलाज नसेल तर 10 ते 20 मध्ये, तेही ना-हरकत घेऊन. कागदावर घारीला उपाशी मरायची वेळ यावी इतका बंदोबस्त आहे.

आमच्या तिसऱ्या विमानतळाच्या बाजूला एक वस्ती होती, अकरा मटण-चिकनची दुकानं. आतडी, पिसं नाल्यात जायची. पक्ष्यांच्या नोंदवहीत रविवारनंतर घारी वाढायच्या. धुळवडीनंतर तर आकडा दुप्पट-तिप्पट. आम्ही नोटिसा पाठवल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली विमानतळ पर्यावरण समिती होती, तिच्या बैठकीत विषय मांडला, नगरपालिकेनं एकदा कारवाई केली, दुकानं दोन दिवस बंद राहिली, तिसऱ्या दिवशी नाला पुन्हा भरला. असं दोन वर्षं चाललं. इतिवृत्तं मात्र सुंदर होती.

शेवटी मी एका सोमवारी दुपारी, धंदा थंड असतो तेव्हा, एका दुकानाच्या फळीवर जाऊन बसलो. चहा मागवला. म्हटलं, भाऊ, मी कारवाईवाला नाही, मला फक्त सांगा, हे नाल्यातच का टाकता? तो म्हणाला, "साहेब, घंटागाडी सकाळी सातला येते. आमचं कटिंग नऊला सुरू होते. मंग सांगा, हे घरी नेऊ काय?"

दोन वर्षांच्या इतिवृत्तांत ही गोष्ट कुठंच नव्हती. नगरपालिकेची गाडी दुपारी तीनला वळवली, झाकणाची पिंपं विमानतळानं दिली, रविवारी दोन खेपा. नाला चार महिन्यांत बराच मोकळा झाला. पूर्ण नाही. धुळवडीला अजूनही घारी यायच्या, पण मोजता येतील इतक्या.

तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आमच्या घरी रोज वाचली जायची. लहानपणी मला ती कंटाळवाणी वाटे, सारखं आपलं गाव, गाव. त्या फळीवर बसलो तेव्हा कळलं की महाराज एकट्या घराच्या स्वच्छतेबद्दल का बोलत नव्हते. तुमचं आवार आरशासारखं असलं आणि शेजारच्या गल्लीत घाण असली, तर माशी तुमच्याच ताटावर बसते. विमानतळाच्या बाबतीत माशी मोठी असते, एवढाच फरक.

5. एकाच शाईची वही

सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट चालवणारा माणूस हा तुमच्या खात्यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी पगाराचा. बहुधा ठेकेदाराचा. रात्री कोणीतरी वीजबिल वाचवायला पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद करायला सांगतो, तो करतो. जिवाणू गुदमरतात, सकाळी फेस येतो, आणि शिव्या त्यालाच.

एकदा प्रदूषण नियंत्रण मंडळाचे फील्ड ऑफिसर आले. पाणी पाहिलं नाही, मशीन पाहिलं नाही, लॉगबुक मागितलं. तीस दिवसांची पानं चाळली आणि विचारलं, "हे सगळं काल रात्री लिहिलं का?" महिनाभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच दाबानं, एकाही खाडाखोडीशिवाय. खऱ्या वहीवर तेलाचा डाग असतो, चहाचा गोल असतो, एखादा आकडा खोडलेला असतो. तेव्हापासून मी ऑपरेटरला एकच सांगायचो: मशीन बंद होतं तर "बंद होतं" लिही, बाकी मी पाहून घेतो. पहिल्या वेळी त्यानं तसं लिहिलं तेव्हा मी खरंच पाहून घेतलं. त्यानंतर ती वही खरी झाली.

6. आधी शांतता मोजा

आवाजाबद्दल तक्रारी येतात तेव्हा आपण मीटर लावतो आणि सरासरी काढतो. 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे वर्षाला 50,000 हून जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या विमानतळांच्या आवाज-क्षेत्रात दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबल, बाकीच्यांना दिवसा 65, रात्री 60. नेहमीच्या रहिवासी वस्तीची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 आहे, हे शेजारी ठेवून पाहा. लहान विमानतळाची सरासरी बहुधा मर्यादेत बसते. आणि तरी माणूस भांडायला येतो. तो खोटं बोलतो का?

मला हे समजलं मोझरीतच. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला, संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी, महाराजांना मौन श्रद्धांजली वाहतात. लाखो माणसं एका जागी उभी, आणि एक शब्द नाही. एका वर्षी सुट्टीवर आलो होतो. खिशात कामाचं छोटं मीटर राहिलं होतं. काढलं नाही, बरं दिसलं नसतं. पण कान मीटरसारखेच लागले. त्या शांततेत दूर हायवेवरच्या एका ट्रकचा हॉर्न असा आला की अंगावर काटा. हॉर्न रोजचाच होता. शांतता रोजची नव्हती.

गावाला सरासरी ऐकू येत नाही, एकेक विमान ऐकू येतं. ज्या गावात आधी नुसती चक्की आणि कोंबडा होता, तिथं पहिलं विमान उतरल्यावर जे होतं ते सरासरीत मावत नाही. म्हणून विमानतळ सुरू व्हायच्या आधी वर्षभर, सगळ्या ऋतूंत, तिथली शांतता मोजून ठेवा. नंतर ती मोजता येत नाही.

बेलोऱ्याला हे विशेष लागू आहे. एअर इंडियानं तिथं वैमानिक प्रशिक्षण संस्था काढायचं जाहीर केलं आहे, 34 प्रशिक्षण विमानं, वर्षाला 180 वैमानिक. ही विमानं जेट ए-1 वर चालणारी आहेत, म्हणजे लहान विमानांच्या जुन्या पेट्रोलातलं शिसं इथं नाही, हे चांगलंच झालं. पण शिकणारा वैमानिक मुंबईला जाऊन परत येत नाही, तो धावपट्टीभोवती फिरत राहतो. उतरतो, उडतो, पुन्हा उतरतो. प्रवासी विमान गावावरून एकदा जातं, शिकाऊ विमान दहादा. आवाज लहान, खेपा जास्त. याचा हिशेब आत्ताच मांडायला हवा, तक्रार आल्यावर नाही.

7. तारखा

भिंतीवर लिहून ठेवा. पर्यावरणीय मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल: 1 जून आणि 1 डिसेंबर. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण: 30 जून. मंडळाला द्यायचं पर्यावरण विवरणपत्र: 30 सप्टेंबर. वापरलेलं तेल, तेलकट चिंध्या 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही, आणि नेणाऱ्याकडून मॅनिफेस्टची प्रत घेतल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडायची नाही. पेरणी फसली तर दुबार करता येते, तारीख चुकली की नोटीस.

8. प्रशस्तिपत्रांबद्दल थोडक्यात

कार्बन कमी केल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजना आहेत. कोचीचा विमानतळ 2015 पासून पूर्ण सौर विजेवर चालतो, ते मोठं काम आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो. पण ज्या विमानतळाच्या नाल्यात पिसं आहेत त्यानं आधी पिसं काढावीत. क्रम चुकू नये एवढंच.

9. अहवाल मागा

हे शेवटचं पोरांसाठी नाही, बेलोऱ्याच्या, बडनेऱ्याच्या, आणि उद्या कुठं धावपट्टी वाढली तर तिथल्या लोकांसाठी आहे.

मंजुरी मिळाली की प्रकल्पवाल्यानं सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, त्यातलं एक तिथल्या भाषेतलं. म्हणजे तुमच्यासाठी मराठी. आणि सहामाही अहवाल हे गुपित नसतं. 2006 च्या त्याच अधिसूचनेत लिहिलं आहे की हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत, मागणाऱ्याला प्रत द्यायची असते. पंचवीस वर्षांत मी पन्नासच्या आसपास असे अहवाल पाठवले. त्यांची प्रत मागायला एकही गावकरी आला नाही. आम्हाला मनातून बरं वाटायचं, हेही कबूल करतो. कोणी वाचणार नाही हे ठाऊक असलं की लिहिणाऱ्याची लेखणी सैल सुटते.

तेव्हा जवळच्या विमानतळाच्या पर्यावरणीय मंजुरीचं पत्र मिळवा. ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचा, शेवटच्या पानापर्यंत. कळलं नाही तर कळेपर्यंत वाचा. मग 1 जूननंतर अर्ज करून अहवालाची प्रत मागा, आणि भूजलाचा नमुना कुठल्या विहिरीतून घेतला ते पाहा. उताराच्या वरच्या अंगाची विहीर असेल तर मोझरीला या. बसस्टँडवर कोणालाही विचारा, विमानतयावर साफसफाई पाहणारा कुठं राहते म्हणून. पत्ता सांगतील. येताना त्या पाण्याची एक बाटली आणा.